केनेबेककाठची सुईण

अमेरिकेच्या वैद्यकाचा इतिहास सांगायला बसले म्हणजे काही नावे आपोआप पुढे येतात. १८४९ साली वैद्यकाची पदवी मिळवणारी तेथील पहिली स्त्री एलिझाबेथ ब्लॅकवेल. यादवी युद्धात जखमी शिपायांची शुश्रूषा करून पुढे १८८१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉस उभारणारी क्लारा बार्टन. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे १९०० साली क्यूबात सिद्ध करून दाखवणारा वॉल्टर रीड. यांची चरित्रे आहेत, स्मारके आहेत, यांच्या नावाने संस्था चालतात. अशा थोरांच्या पंगतीला एका खेड्यातल्या सुईणीचे पान मांडावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. त्या सुईणीचे नाव मार्था बॅलर्ड.

नकाशात अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे संस्थान दिसते. जंगलांचा, बर्फाचा आणि नद्यांचा तो मुलूख. मार्थाबाईंच्या काळी मेन हे स्वतंत्र संस्थान नव्हते. मॅसॅच्युसेट्सचाच तो एक भाग होता आणि १८२० साली वेगळा झाला. तेथील केनेबेक नदीच्या दोन्ही तीरांवर हॅलोवेल नावाचे गाव वसत होते. त्याचाच एक भाग १७९७ मध्ये निराळा झाला आणि ऑगस्टा म्हणून ओळखला जाऊ लागला. ऑगस्टा आज मेनच्या राजधानीचे शहर आहे. या गावात राहून मार्थाबाईंनी सत्तावीस वर्षे रोजनिशी लिहिली. पहिली नोंद १ जानेवारी १७८५ ची आणि शेवटची ७ मे १८१२ ची. जवळजवळ दहा हजार दिवसांच्या नोंदी! घरच्या लिननच्या कापडात बांधलेले त्यांचे दोन जाडजूड भाग आहेत, आणि त्यांत ८१६ बाळंतपणे नोंदलेली आहेत.

ही रोजनिशी हाती घेणाऱ्याची पहिल्यांदा निराशाच व्हायची. आज हवा कशी होती, कोण आले, कोण गेले, किती सूत कातले, कोणाकडे बाळंतपणाला गेले, मुलगा झाला की मुलगी, फी मिळाली की राहिली. बस्स. मनातले असे काही नाही, तत्त्वचिंतन नाही, वर्णनाची हौस नाही. आपल्याकडच्या किराणा दुकानदाराच्या वहीतला मजकूर जितका रसाळ, तितकाच हा. पण वहीसुद्धा वाचणाऱ्याला दुकानदाराचा सारा संसार सांगते. मार्थाबाईंच्या वहीने एका अख्ख्या गावाचा संसार सांगितला. मात्र तो ऐकून घेणारे माणूस भेटायला तिला पावणेदोनशे वर्षे थांबावे लागले.

मार्थाबाईंचा जन्म १७३५ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्स्फर्ड गावचा. माहेरचे आडनाव मूर. माहेरच्या गोतावळ्यात वैद्यकी करणारे लोक होते. तेव्हा औषधपाण्याची ओळख त्यांना लहानपणापासूनच झाली असली पाहिजे. १७५४ मध्ये एफ्रेम बॅलर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एकंदर नऊ मुले झाली. १७६९ च्या उन्हाळ्यात ऑक्स्फर्डमध्ये घटसर्पाची साथ आली आणि दहा दिवसांच्या आत मार्थाबाईंच्या तीन मुली गेल्या. सर्वांत मोठी आठ वर्षांची, सर्वांत धाकटी दोन वर्षांची. त्या वेळी मार्थाबाईंना दिवस गेलेले होते. पुढे महिनाभरातच त्यांची मुलगी हॅना जन्मली. ज्या बाईने पुढल्या आयुष्यात शेकडो मुले जगात आणली, तिच्या पोटात हे दुःख आधीपासून होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे तिच्या कोरड्या नोंदी तितक्या कोरड्या वाटत नाहीत.

एफ्रेम हे जमिनीची मोजणी करणारे आणि लाकूड कापण्याची गिरणी चालवणारे गृहस्थ. नव्या जमिनीच्या शोधात १७७५ साली ते केनेबेकच्या मुलखात गेले; दोन वर्षांनी मार्थाबाई मुलाबाळांसह तेथे पोचल्या. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस. १७७८ च्या जुलैत त्यांनी तेथे पहिले बाळंतपण केले आणि दुसऱ्याच वर्षी स्वतःचे शेवटचे मूल त्यांना झाले. रोजनिशी लिहायला बसल्या तेव्हा पन्नाशी आली होती. आपल्याकडे ज्या वयात बाई सुनेच्या हाती कारभार देऊन पोथी वाचायला मोकळी होत असे, त्या वयात या बाईंचा खरा कारभार सुरू झाला.

त्या काळचे बाळंतपण म्हणजे गावातल्या बायकांचा सोहळाच असे. कळा सुरू झाल्या की घरचा माणूस घोडा घेऊन किंवा होडी घेऊन सुईणीला आणायला निघे. वेळ जवळ आली की शेजारणीपाजारणींना बोलावणे जाई. पाचसहा बायका जमत, कोणी पाठ चोळी, कोणी आधार देई, कोणी धीर देई. मूल झाले की सगळ्या मिळून खातपीत आणि आपापल्या घरी जात. कधीकधी सुईणीला दोनदोन, तीनतीन दिवस त्याच घरी काढावे लागत. कळा थांबल्या तर बसून राहायचे, विणकाम करायचे, वाट पाहायची. पुढे आठवडाभराने बाळंतीण उठून स्वयंपाकघरात गेली की तिची सुटका झाली असे समजत. आमच्या सवा महिन्याच्या हिशेबाने हा काळ फारच थोडा. पण शेकशेगडी, अंगाला चोळणे आणि शेजारणींचा राबता यांचे मर्म दोन्हीकडे एकच होते. बाईला त्या वेळी एकटे सोडायचे नाही.

सुईणपणाबरोबर गावचे औषधपाणीही त्यांच्याचकडे होते. परसात त्या औषधी झाडे लावीत. कॅमोमाइल, टॅन्सी, केशर अशी नावे त्यांच्या नोंदींतून येतात. कांदा भाजून बांधायचा, पाल्याचा काढा द्यायचा, गळू झाले तर पोटीस लावायचे, ही सारी कामे. काही औषधे मात्र परमुलखातून आलेली विकत घ्यावी लागत. त्यांत कापूर होता आणि बोळही होता. बाळंतिणीला हिराबोळ देणाऱ्या आमच्या आजीबाईंना केनेबेककाठच्या या बाईची पेटी अगदीच परकी वाटली नसती. मेलेल्याला शेवटची आंघोळ घालून नीट निजवणे हेही मार्थाबाईंचेच काम. कोणाच्या मृत्यूचे कारण कळले नाही आणि डॉक्टरांनी प्रेत उघडून पाहायचे ठरवले, तर ते पाहायला त्यांना बोलावणे येई, आणि त्यांनी काय पाहिले ते रात्री रोजनिशीत उतरे.

या कामातले खरे संकट आजाराचे नव्हते, वाटेचे होते. गाव नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेले. पूल नाही. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून चालत जायचे, उन्हाळ्यात होडीने. सगळ्यांत वाईट दिवस मधले. बर्फ धड टिकलेलाही नाही आणि धड वितळलेलाही नाही, अशा वेळी बोलावणे आले तरी जायचेच. १७८९ च्या एप्रिलमधल्या एका दिवसाची नोंद याबाबतीत प्रसिद्ध आहे. वादळी पाऊस कोसळत होता. दुपारी एक वाजता बोलावणे आले. खवळलेल्या नदीतून होडीने त्या पार झाल्या. पुढे एक ओढा लागला, तो पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून पाय टाकीत ओलांडला. पुढे घोड्यावरून जात असता एक प्रचंड झाड मुळासकट उन्मळून समोरच पडले. घोडा उसळून मागे सरला म्हणून जीव वाचला. आणखी पुढे दुसरा ओढा, आणि त्यावरचा पूल वाहून गेलेला. न्यायला आलेल्या माणसाने लगाम धरून पाण्यातून घोडा ओढीत नेला. रात्री दहा वाजता बाईंची सुटका झाली, मुलगी झाली. मार्थाबाईंनी देवाचे आभार मानले आणि नोंद संपवली. पंचावन्नावे वर्ष चालू होते त्यांना!

या मेहनतीचा मोबदला बहुधा सहा शिलिंग असे. रोख पैसा गावात थोडाच. त्यामुळे कोणी कापड देई, कोणी धान्य, कोणी आणखी काही. फी पोचली की मार्थाबाई त्या नोंदीच्या कडेला दोन फुल्या मारीत. म्हणजे ही रोजनिशी त्यांच्या धंद्याची खतावणीही होती. त्यांना स्वतःची मिळकत होती, तिचा हिशेब त्या स्वतः ठेवीत, आणि घरात मुली व मदतनीस पोरी मिळून सूत कातीत व मागावर कापड विणीत, त्याचाही हिशेब त्याच वहीत असे. नवऱ्याच्या जमाखर्चापेक्षा ही अर्थव्यवस्था निराळी होती. गावाच्या दप्तरात तिचा उल्लेख नाही. मार्थाबाईंनी लिहिली नसती, तर ती होती हेदेखील कोणाला कळले नसते.

सुईणीला कायद्यानेही एक काम दिले होते. अविवाहित मुलगी बाळंत होत असेल, तर ऐन कळांच्या वेळी तिला मुलाच्या बापाचे नाव विचारायचे. अशा घटकेला बाई खोटे बोलणार नाही, अशी समजूत. ते नाव पुढे न्यायालयात ग्राह्य धरले जाई आणि मुलाच्या पोषणाचा भार त्या पुरुषावर टाकता येई. मार्थाबाईंनी हा प्रश्न अनेकदा विचारला. १७९१ च्या ऑक्टोबरात सॅली पिअर्स नावाच्या मुलीचे बाळंतपण करायला त्या गेल्या असता त्यांनी तो तिलाही विचारला. उत्तर आले, जोनाथन बॅलर्ड. मार्थाबाईंचा स्वतःचा मुलगा.

त्या क्षणी आईच्या मनात काय झाले असेल ते रोजनिशीत नाही. नाव मात्र आहे. लपवले नाही, खोडले नाही, मोघम लिहिले नाही. दुसऱ्यांच्या मुलांची नावे ज्या शाईने लिहिली, त्याच शाईने आपल्या मुलाचे लिहिले. पुढे काही महिन्यांतच दोघांचे लग्न झाले आणि जोनाथन आपल्या बायकोला व लहानग्याला घेऊन आईच्या घरी आला. सुईणीने जिच्या तोंडून नाव वदवले, तीच तिची सून झाली. मला विचाराल, तर मार्थाबाईंच्या सबंध आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण वादळातल्या प्रवासाचा नव्हे, हा आहे.

याच सुमारास गावात एक नवा वारा शिरत होता. फिलाडेल्फियात १७६५ सालापासून विल्यम शिपेन नावाचे डॉक्टर प्रसूतिशास्त्रावर व्याख्याने देऊ लागले होते, आणि शहरांतल्या खात्यापित्या घरांतून बाळंतपणाला पुरुष डॉक्टर बोलावण्याची चाल पडू लागली होती. केनेबेककाठी ती बेंजामिन पेज या तरुण डॉक्टराच्या रूपाने आली. एका पहिलटकरणीच्या वेळी घरची माणसे घाबरली आणि मार्थाबाई तेथे असताना त्यांनी पेजना बोलावले. त्यांनी अफूच्या अर्काचे वीस थेंब दिले. नीट येत असलेल्या कळा त्या गुंगीत थांबल्या. संध्याकाळी बाईला उलटी झाली तेव्हा त्या पुन्हा सुरू झाल्या आणि सात वाजता मुलगा झाला. मार्थाबाईंनी हे जसेच्या तसे लिहून ठेवले. तक्रारीचा सूर फार बारीक आहे, पण कान देणाऱ्याला तो ऐकू येतो.

आता कोणी म्हणेल, जुन्या सुईणीचे एवढे कौतुक कशाला? आडदांड उपायांनी किती बाया आणि किती मुले दगावली असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे? नेमका तोच हिशेब मार्थाबाईंनी ठेवला आहे, हीच तर या वहीची थोरवी. आठशेच्या वर बाळंतपणांत मृत जन्मलेली मुले चौदा. प्रत्यक्ष प्रसूत होताना एकही आई गेली नाही. नंतरच्या दिवसांत दगावलेल्या बाळंतिणी पाच. म्हणजे साधारणपणे जिवंत जन्मलेल्या दोनशे मुलांमागे एका आईचा मृत्यू. हा आकडा आजच्या मानाने भयंकर आहे, यात शंका नाही. पण खुद्द अमेरिकेत १९३० साली, डॉक्टर, इस्पितळे, भूल, सारे काही असताना, दर दीडशे जन्मांमागे एक आई मरत होती. घोड्यावरून हिंडणाऱ्या सुईणीचा आकडा सव्वाशे वर्षांनंतरच्या आकड्यापेक्षा वाईट नव्हता. किंबहुना थोडा बराच होता.

असे का व्हावे? मार्थाबाईंना जंतूंची काही माहिती नव्हती; त्या काळी ती कोणालाच नव्हती. पण त्यांच्या बायका आपापल्या घरी, आपापल्या बिछान्यात बाळंत होत. एका दालनात ओळीने निजवलेल्या बाळंतिणी तेथे नव्हत्या. मूल आपल्या वेळेला येऊ द्यावे, उगाच हात घालू नये, ही त्यांची रीत होती. याउलट पुढल्या शतकात एका बाळंतिणीकडून दुसरीकडे, कधी शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट बाळंतिणीकडे जाणारे डॉक्टरांचे हातच सूतिकाज्वर पसरवीत होते. बॉस्टनचे डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ साली हे स्पष्ट लिहिले. फिलाडेल्फियाचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मीग्ज यांना त्याचा संताप आला. सभ्य गृहस्थाचे हात अस्वच्छ असतील ही कल्पनाच त्यांना सोसवेना. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये हात धुण्याचा नियम घातला तेव्हा त्यांच्याही वाट्याला उपेक्षाच आली. ज्ञान वाढत होते, पण ते ज्याच्या हाती होते त्याच्या अहंकाराने त्याची वाट अडवली होती. मार्थाबाईंचे अनुभवाचे ज्ञान तर त्या वाटेवर कोणी विचारातच घेतले नाही.

त्यांचे शेवटचे दिवस सुखाचे गेले नाहीत. एफ्रेमनी करवसुलीचे काम पत्करले होते. वसूल न झालेल्या रकमेची भरपाई करता आली नाही म्हणून १८०४ च्या जानेवारीत त्यांना तुरुंगात जावे लागले. जवळजवळ ऐंशीचे वय! वर्षाहून अधिक काळ ते अडकून पडले. घरात लाकूडफाटा नाही, आणावे तर कोणी? त्यातच जोनाथन आणि सॅली मुलाबाळांसह त्याच घरात राहायला आले, आणि मार्थाबाई एका खोलीपुरत्या उरल्या. सासूसुनेच्या कुरबुरींच्या नोंदी वाचताना, हे सारे अमेरिकेत घडते आहे याचा आपल्याला विसर पडतो. पण बोलावणे आले की म्हातारी उठतच होती. १८१२ च्या एप्रिल महिनाअखेर, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शेवटचे बाळंतपण केले. पुढे थोड्याच आठवड्यांत त्या वारल्या. जूनमध्ये तेथल्या वृत्तपत्राने एका वाक्यात बातमी दिली. एफ्रेम बॅलर्ड यांच्या पत्नी वारल्या, वय अमुक. ८१६ मुलांचा उल्लेख त्यात नव्हता.

यापुढची कथा माणसांची नव्हे, वहीची. ती मार्थाबाईंच्या मुलीकडे, डॉलीकडे राहिली, आणि डॉलीच्या मुलींनी ती जपली. १८८४ साली या घराण्यात एक आनंदाची गोष्ट झाली. मार्थाबाईंची खापरपणती मेरी होबार्ट डॉक्टर झाली. ती शिकली ते न्यू यॉर्कचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८६८ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी आपल्या इस्पितळाला जोडून काढलेले होते. पदवी घेऊन आलेल्या या मुलीला घरातल्या म्हाताऱ्या आज्यांनी ती रोजनिशी भेट दिली. यापेक्षा योग्य भेट दुसरी कोणती असणार? पणजीच्या आईला गावाने सुईण म्हटले, पणतीला देशाने डॉक्टर म्हटले. काम एकच होते.

आणि आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, असे एक कारण आहे. न्यू यॉर्कला हा प्रसंग घडत होता त्याच वर्षी, काही तासांच्या अंतरावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या आनंदीबाई जोशी शिकत होत्या. १८५० साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयात त्या १८८३ मध्ये दाखल झाल्या. चौदाव्या वर्षी झालेले पहिले मूल दहा दिवसांत गेले, ते दुःख घेऊन त्या तेथे गेल्या होत्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पदवीसाठी त्यांनी कोणता विषय निवडला होता? हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. परमुलखात बसून, परक्या भाषेत, या वीस वर्षांच्या मुलीने आपल्याकडच्या बाळंतपणाच्या जुन्या ज्ञानाची नोंद केली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. एका बाईचेही बाळंतपण स्वतंत्रपणे करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. मेरी होबार्ट आणि आनंदीबाई यांची कधी भेट झाल्याचे कोठे आढळत नाही. पण एकीच्या हाती आपल्या पूर्वज सुईणीची वही होती आणि दुसरी आपल्या पूर्वजांच्या विद्येवर लिहीत होती, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो.

वहीची उपेक्षा मात्र संपली नव्हती. १८७० मध्ये ऑगस्टाचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स नॉर्थ यांनी ती पाहिली होती आणि काही अपवाद सोडता तीत सर्वसामान्यांच्या उपयोगाचे काही नाही, असा निकाल दिला होता. चार्ल्स नॅश यांनी तिचा संक्षेप आपल्या इतिहासात घातला, पण १९०४ मध्ये छापलेली ती पाने १९६१ पर्यंत बाहेरच पडली नाहीत. मेरी होबार्ट यांनी १९३० साली मूळ रोजनिशी मेनच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. तेथे ती चाळून गेलेल्यांनाही घरकामाच्या बारीकसारीक नोंदींपलीकडे तीत काही दिसले नाही. शेवटी लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी ती हाती घेतली. उलरिकबाई पाच मुलांची आई. ज्या नोंदी इतरांना कंटाळवाण्या वाटल्या, त्याच त्यांनी एकेक करून मोजल्या. किती बाळंतपणे, कोणत्या घरी, कोण शेजारणी हजर, किती फी, किती मृत्यू, किती वार कापड. १९९० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि १९९१ मध्ये त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. वर जे आकडे मी दिले, ते या मोजणीतून हाती आलेले आहेत.

मध्यंतरी सुईण अमेरिकेतून नाहीशी झाली होती असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील सुमारे निम्मी बाळंतपणे सुईणीच करीत होत्या. दक्षिणेतल्या नीग्रो वस्त्यांत तर आजीकडून नातीकडे आलेली ती परंपराच होती. १९२५ साली केंटकीच्या डोंगरी भागात मेरी ब्रेकिन्रिज यांनी घोड्यावरून फिरणाऱ्या शिक्षित परिचारिका-सुइणींची संस्था काढली. त्यांनीही आपली दोन मुले गमावली होती. रस्ता नाही, पूल नाही, घोड्यावरून ओढा ओलांडून जायचे, घरीच बाळंतपण करायचे. मार्थाबाईंचीच वाट, फरक इतकाच की खांद्यावरच्या पिशवीत आता जंतुनाशके होती. जुनी माया आणि नवे शास्त्र यांचे भांडण असायचे काही कारण नव्हते, हे त्या डोंगरातल्या बायकांनी दाखवून दिले.

आमच्याकडेही गावोगाव अशा सुइणी होऊन गेल्या. अंधाऱ्या रात्री कंदील घेऊन, नदीच्या उतारातून, बांधाबांधाने त्या गेल्या. लुगडे, खण, पायली-दोन पायली दाणे एवढ्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जन्माला घातल्या. त्यांच्या हातून किती वाचले आणि किती गेले, कोणता उपाय लागू पडला आणि कोणता घातक ठरला, याची वही नाही. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि ज्यांना होती त्यांनी ती लिहून घेतली नाही. आनंदीबाईंनी ग्रंथांतले प्रसूतिशास्त्र नोंदले. माजघरातले तसेच राहून गेले.

दिवाळीत घरोघर चार पिढ्या एकत्र जमतात. फराळाच्या ताटाभोवती म्हाताऱ्या बायका बसल्या असतील, त्यांतल्या एखादीला विचारावे की तुमचा जन्म कोणाच्या हातून झाला, ती बाई कोण, कोठून आली, किती दिवस राहिली, तिला काय दिले. आणि ती सांगेल ते, तारीखवार जमले तर उत्तमच, एखाद्या वहीत उतरवून ठेवावे. मजकूर रूक्ष वाटला तरी चालेल. मार्थाबाईंचाही रूक्षच होता.